दोघांत एक पखवाज

आता हे सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही, पण वारूळवाडीच्या धर्माजीचं डाव्या मनगटाचं हाड मोडलं ते चार महिने जुळलंच नाही.

अठ्ठ्याण्णव सालच्या दसऱ्याला दोन दिवस असताना नारायणगावच्या बाजारात तो टोमॅटोच्या टेम्पोवरून पडला. बावीस क्रेट खाली आले आणि एकही टोमॅटो फुटला नाही, मोडला तो एवढा हात. डॉक्टरांनी कोपरापर्यंत प्लास्टर घातलं. गुरुवारच्या भजनाला पखवाज कोण वाजवणार, ही चिंता मंडळाला लागली. धर्माजीला तिच्यावरचा उपाय दवाखान्यातून येतानाच सुचला होता. उजवी बाजू मी वाजवतो, म्हणाला, डावी सारजा वाजवील.

त्याची बायको सारजाबाई आधी हसली. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापल्याशिवाय घुमारा येत नाही, आणि ती कणीक तीस वर्षं दर गुरुवारी तिनं मळली होती. गोळा दिला की तिचं काम संपायचं. मग चुलीपुढं बसून ती भिंतीपलीकडचं भजन ऐकायची, आणि भाकरी थापता थापता तिचा हात आपोआप ठेक्यात पडायचा. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

दोघं गुडघ्याला गुडघा लावून पखवाजाला बसले. उजवीकडं 'ता', डावीकडं 'गे', आणि दोन्ही हात एका क्षणी पडले की 'धा'. पहिले आठ दिवस त्यांचा 'धा' झालाच नाही. दोन माणसं एकदम बोलायला लागावीत तसं काहीतरी व्हायचं. धर्माजी चिडायचा. मनगट सैल सोड, म्हणायचा, भाकरी थापतेस तसं. ती म्हणायची, भाकरी थापताना तुम्ही मधे लुडबुडत नाही, म्हणून ती गोल होते. नवव्या दिवशी गोठ्यातली म्हैस रवंथ करायची थांबली, तेव्हा 'धा' पडल्याचं दोघांना कळलं. पुढं ती म्हैस ठेक्यावर धार द्यायला लागली असं धर्माजी सांगतो, पण ते जरा जास्तच आहे. ठेका चुकला की ती लाथ मारायची, एवढंच.

मंडळात कुरबुर झालीच. चांगदेव टाळकरी म्हणाला, बाईमाणूस पखवाजाला कुठं बसतं का? मंडळाचे म्होरके सावळेराम. त्यांनी टोपीत बोट घालून बराच वेळ डोकं खाजवलं आणि निकाल दिला.

"धर्माजीचा हात बरा होईस्तोवर बसू द्या. हाड जुळलं, की वैनी घरी."

दीड महिन्यानं धर्माजी एकटाच जाऊन प्लास्टर कापून आला, तो हात जुन्या उपरण्याच्या झोळीत घालूनच. हाड अजून कच्चं आहे म्हणाला. पुढच्या महिन्यात जुळत आलं होतं, पण टेम्पोचा हॉर्न ऐकून दचकलं आणि पुन्हा सरकलं. मंचरच्या हाडवैद्यानं म्हणे हाडाशी बोलूनही पाहिलं. मंडळी माना डोलवायची. सारजाबाई मात्र देवापुढं दिवा लावताना, यांचा हात लवकर बरा होऊ दे, एवढं म्हणायला अडखळायची.

आता कणीक धर्माजी मळायचा. डावी बाजू ज्याची त्यानं पिठात हात घालायचा नाही, असा नियम त्यानंच काढला. त्याची एकहाती कणीक वरून ओली आणि आत कोरडी असायची. पौषातल्या एका गुरुवारी सारजाबाईनं परातीतला गोळा उचलला आणि ती थांबली. गोळा लोण्यासारखा होता, कुठं भेग नाही. एका हातानं मळू गेलं तर परात घरभर फिरते, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिनं झोळीकडं पाहिलं. डाव्या हाताच्या नखांत पीठ होतं.

बोलली असती, तर पुढचा गुरुवार पुन्हा चुलीपुढं. तिनं गोळा पखवाजाला थापला. झोळीची गाठ सैल झाली होती, तीही नीट बांधून दिली.

माघातल्या गणेश जयंतीला ओझरच्या मंडपात मंडळाची पाळी होती. आधीची भजनं लांबली, पखवाजावरची कणीक वाळली, आणि सावळेरामांनी पहिला अभंग उचलताच गोळा सुटून सारजाबाईच्या मांडीवर पडला. घुमारा गेला. उजवी बाजू नुसतीच टणटणत राहिली. चांगदेवानं टाळ थांबवले आणि, तरी मी सांगत होतो, अशा नजरेनं सगळ्यांकडं पाहिलं. सारजाबाईचा हात हवेत तसाच राहिला.

धर्माजीनं पिशवीतलं पीठ ताटात ओतलं, तांब्यातलं पाणी शिंपडलं आणि रग लावून मळायला घेतलं. झोळी केव्हाच पाठीवर गेली होती. दोन्ही हात मनगटापर्यंत पिठात होते, आणि तोंडानं तो चांगदेवाला समजावत होता, की हाड लई नाजूक आहे, परवाच डॉक्टर म्हणाले, अजून वर्षभर तरी हात हलवायचा नाही.

सावळेरामांनी त्या हातांकडं पाहिलं. मग सारजाबाईकडं पाहिलं. मग सगळ्या मंडपाला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले,

"खोटं बोलतोस, धर्माजी. हाड कवाच जुळलंय तुजं. आता दोनी हातानं मळतोच हायेस, तर नीट मळ. वैनी खोळंबल्यात."