पिवळ्या ठिपक्याच्या पुढे

तिने क्रेनच्या हुकावर पांढरी पूड फवारली आणि घड्याळात पाहिलं. दहा मिनिटं. आधी लावून पुसलेला लाल रंग भेगेत मुरला असेल, तर पुडीवर रेघ उमटायलाच हवी. रेघ उमटली नाही.

"ताई, तुमच्या हाताला गुण आहे," फोरमन खुशीत म्हणाला. "गेल्या वर्षीची भेग आपसूक बरी झाली की!"

तिला हसू आलं नाही. पोलाद काही बरं होत नसतं. गेल्या वर्षी इथे नखाएवढी रेघ होती. कंपनी हुक बदलायला का-कू करत होती, म्हणून तिने भेग किती वाढेल याचा हिशेब मांडला आणि वर्षभरात ती जिथवर पोचेल तिथे पिवळ्या रंगाचा ठिपका दिला. तोवर हुक खुशाल वापरा, असं छातीठोकपणे लिहून सही केली. त्या सहीच्या भरवशावर तिचा सख्खा दादा रोज याच हुकाखाली उभा राहून साखळ्या अडकवत होता.

आता ठिपकाही नव्हता. हुक घासलेल्या पातेल्यासारखा लखलखत होता.

"याला ग्राइंडर कुणी लावला?"

फोरमनने खांदे उडवले. बाजूला उभा असलेला दादा काढलेले हातमोजे पुन्हा घालू लागला.

घासलं की धातू भेगेच्या तोंडावर लिंपला जातो, भेग आत तशीच राहते. तिने आम्लाचा बोळा फिरवून ते तोंड मोकळं केलं, हुक धुतला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. बाहेर ट्रक खोळंबले होते. फोरमन येरझारा घालत चरफडत होता.

या वेळी रेघ उमटली. आतल्या वळणावरून निघून ती पार दुसऱ्या बाजूला गेली होती.

"क्रेन बंद करा रे!" ओरडत फोरमन धावला. मागे दोघंच उरली.

"दादा, तू घासलंस?"

"दोन महिने झाले. नुसत्या डोळ्यांना दिसायला लागली होती. ठिपक्याच्या पुढे गेली होती."

"मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर म्हणाले असते, बहिणीचा हिशेब चुकला. खाली तुझी सही होती ना. मला वाटलं, वरवरची असेल, घासली की जाईल."

"आणि गेली नसेल तर, असं एकदाही मनात आलं नाही?"

"यायचं ना," दादा हातमोज्यांकडे बघत म्हणाला. "म्हणून तर दोन महिने हुकाखाली दुसऱ्या कुणाला जाऊ दिलं नाही. मीच जायचो."

अहवालाचा कागद गुडघ्यावर घेऊन तिने पहिल्याच ओळीत लिहिलं, गेल्या वर्षीचा माझा हिशेब चुकीचा होता. मग सही करायला गेली, तर गुडघ्यावरचा कागद सरकू लागला. दादाने वाकून तो दोन्ही हातांनी धरून ठेवला.