ढोर-डॉक्टरची फटफटी

शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, देवाजीची जोडी सुटली की बैल आधी पोचायचे आणि धूळ मागाहून यायची. एकदा तर जोडी पट जिंकून गोठ्यात तणीस चघळत बसली होती, आणि लोक अजून "सुटली रे सुटली" म्हणून ओरडतच होते. बैल हाकणारा एवढा नामी धुरकरी, पण त्याच्या मागे त्याची बायको मात्र बसत नसे.

कारण होतं लग्नाची वरात. परतताना मागून कोणाच्या तरी बैलांचे घुंगरू वाजले, देवाजीच्या जोडीला वाटलं पट लागला, आणि नवरीसकट रेंगी, ती हलकी बैलगाडी, गावतलावातून आरपार निघाली. रुखमिणी सासरी उतरली तेव्हा तिच्या ओटीत खोबऱ्याच्या वाटीशेजारी जिती मासोळी उड्या मारत होती.

"तुमच्या मांगं मी आता बसत नाई," ती म्हणाली, आणि लेकीचं लग्न होईतो तो शब्द तिने मोडला नाही. मोहाडीच्या बाजाराला ती पुढे पायी, मागे रिकामी रेंगी हाकत देवाजी. आता तिचे गुडघे कुरकुरू लागले, आणि त्याचा जीव त्याहून जास्त. बैलांवर विश्वास नाही ना, मग फटफटी घेऊ, पण हिला एकदा तरी मागे बसवू, असं त्याने ठरवलं. फटफटी चालवता येत नाही, ही अडचण त्याला किरकोळ वाटली.

साकोलीचा जावई खुशाल त्याला भंडाऱ्याच्या दुकानात घेऊन गेला. "मामाजी, हे बुलेट पाहा. हत्ती हाये हत्ती!"

देवाजीने सवयीने वाकून आधी तिचे दात शोधले. मग पाठीवर थाप मारली. दुकानदाराने गाडी सुरू केली तसा तो दोन पावलं मागे सरला.

"जवाईबापू, हे तं कोरं गोऱ्हं हाये. अन् या कामात मीबी गोऱ्हाच. दोन गोऱ्हे एका जुवाले कोन जुपते?"

"मंग?"

"नव्या गोऱ्ह्याले म्हाताऱ्या बैलासंगं जुपतेत. वाट बैलाले ठाऊक रायते. मले म्हातारी फटफटी पायजे."

खुशालने कपाळाला हात लावला. "लोक नवी मांगतेत, अन् तुमी दात पडलेली मांगून राहिले!"

तशी मोहाडीत सापडली. गुरांच्या डॉक्टरची होती. साहेबांची बदली झाली होती. तालुक्यातला एकूण एक गोठा तिला पाठ. पहिल्याच दिवशी देवाजी ब्रेक विसरला आणि बैलांना ओरडावं तसा "हो, हो, हो!" ओरडला, तर ती थांबली! नंतर कळलं, ती त्याच्या ओरडण्याने थांबली नव्हती. दारात म्हैस दिसली की ती थांबतच असे. म्हशी मात्र तिला पाहून सुईच्या भीतीने मागे सरत.

बाजाराच्या दिवशी रुखमिणीने फटफटीभोवती फेरी मारली. "थांबते का हे?"

"तिले थांबाचंच जास्त येते."

ती डोळे मिटून बसली. गाडी निघाली आणि सीताबाईच्या दारात थांबली.

"काहून वो रुखमाबाई, फटफटीवर?"

"होय वं माय, बाजारात जाऊन राहिली!" रुखमिणीने डोळे उघडले. रत्नाबाईच्या दारात पदर सारखा केला. आनंदाबाईच्या दारात तर चहाच झाला.

पुढे मोकळ्या सडकेवर मागून दूधवाल्याच्या सायकलची घंटी वाजली. देवाजीचे कान टवकारले, हात शिवशिवला. पट लागला! तोच खांद्यावर रुखमिणीची बोटं रुतली.

देवाजीने हात ढिला सोडला. "जा बापा, तुले घाई असंन." सायकल पुढे गेली. मग एक शेळीही पुढे गेली. खांद्यावरची बोटं हळूहळू सैल झाली, पण तिथून हलली नाहीत.

पोचेपर्यंत बाजार उठला होता, फक्त मासोळी उरली होती. रुखमिणी घरी उतरली तेव्हा पुन्हा तिच्या पदरात मासोळी होती. यावेळी मात्र विकत घेतलेली.

"उद्या साकोलीले जाऊ," ती म्हणाली. "लेकीले दाखवू."

"लय लांब हाये वं. वाटेत म्हशीबी लय."

"असू द्या ना. मले कोनती घाई हाये?"