सुबक सही

"मास्तर, पत्र झकास आहे हो. पण सही एकच?" घरमालकाच्या कचेरीतल्या कारकुनाने कागद खिडकीतून परत सरकवला.

"केली आहे की."

"तुमची आहे. बाईंची कुठंय? करार दोघांच्या नावावर, मग जागा सोडायची नोटीसही दोघांच्या सहीची. आणि आज शेवटची तारीख. उद्या आलात तर पुढच्या महिन्यात धरू."

मास्तरांनी घड्याळ पाहिलं. दोन वाजत आले होते. शुश्रूषागृहातली जोडखोली संध्याकाळी सहापर्यंतच राखून ठेवली होती. जुन्या जागेच्या नोटिशीची पोच दाखवली तर ती त्यांची, नाहीतर यादीतल्या पुढच्या जोडप्याची. आठ महिने बाई तिथे एकट्या होत्या आणि मास्तर इथे एकटे.

चौतीस वर्षं त्यांनी मुलांना पत्रलेखन शिकवलं होतं. कारकुनाच्या नमुन्यातलं 'जागा खाली करत आहोत' हेसुद्धा त्यांनी 'रिकामी' असं सुधारून लिहिलं होतं. "खाली म्हणजे वरच्या विरुद्ध," हे त्यांनी त्याला खिडकीतून समजावलंही होतं. पण शाळेत त्यांचा खरा दरारा होता तो प्रगतिपुस्तकावरची खोटी सही पकडण्यात. "आईची सही इतकी सुबक असते का रे?" ते हसत विचारायचे. "आई घाईत असते, बाळा." पोरगं तिथेच पाघळायचं.

शुश्रूषागृहात बाई आपल्या खोलीतल्या खिडकीशी बसल्या होत्या. मास्तरांनी त्यांच्या मांडीवर पाटी ठेवली, तिच्यावर कागद ठेवला, हातात पेन दिलं.

"इथे सही कर गं."

"वाचल्याशिवाय सही करायची नाही," बाई म्हणाल्या. हे वाक्य मास्तरांचंच होतं. आठवणीतून नवऱ्याचं नाव गेलं, घर गेलं, आणि नेमकं हे तेवढं राहिलं होतं.

शब्दाखाली बोट फिरवत त्यांनी मोठ्याने वाचलं, "आम्ही ही जागा रिकामी करत आहोत." मग मान वर केली. "कोण हो हे?"

"आहेत एक नवरा-बायको."

"भांडले का घरमालकाशी?"

"नाही. भांडण कुणाशीच नाही."

"मग बसल्या जागेवरून कशाला उठतात? येडेच म्हणायचे." त्यांनी कागदावरून हात फिरवला. "अक्षर मात्र मोत्यासारखं आहे. नवऱ्याचं असेल. द्या, साक्षीदार म्हणून करते सही."

आणि त्यांनी भराभर, तिरकी सही ठोकली. माहेरच्या नावाने.

"झालं? आता मला घरी सोडा. आई वाट बघत असेल."

"सोडतो," मास्तर म्हणाले.

मास्तर कचेरीत परतले तेव्हा कारकुनाने करार काढून बाईंच्या दोन्ही सह्या शेजारी धरल्या. "ही कोण?"

"तीच. लग्नाआधीची."

"तसं चालत नाही हो मास्तर. वरचे माझ्याच डोक्यावर खापर फोडतील. नवीन कागद घ्या, पुन्हा आणा."

पाचला दहा कमी होते. पाचला खिडकी बंद होई, आणि शुश्रूषागृह होतं बसने अर्ध्या तासावर. मास्तर खिडकीशीच उभे राहिले. कारकुनाने एकदा त्यांच्याकडे, एकदा घड्याळाकडे पाहिलं. कोरा कागद पुढे सरकवून, करार तसाच उघडा ठेवून तो पाणी प्यायला उठला, आणि एका ग्लासाला लागतो त्याहून बराच जास्त वेळ त्याने लावला.

मास्तरांनी पत्र पुन्हा लिहिलं. आपली सही केली. मग कराराकडे न बघताच त्यांनी बायकोची सही केली, अगदी शेवटच्या वेलांटीपर्यंत.

"हां, आता जुळली!" परत आलेल्या कारकुनाने शिक्का मारला आणि पोच फाडून दिली. कागद हातात धरून तो कौतुकाने म्हणाला, "बाईंची सही सुबक आहे हो."

मास्तरांनी मान खाली घातली. पहिला कागद अजून खिडकीत पडला होता. तो त्यांनी उचलला आणि तिरक्या सहीवर मोड येणार नाही अशी घडी घालू लागले.