पाण्याखालचे आकडे

मी वादीतला खांब बोलतोय. लोखंडी, आठ फुटी, अंगावर काळे-पांढरे पट्टे आणि पट्ट्यांवर अरबी आकडे.

मराठीत वादी म्हणजे कोर्टात तक्रार घेऊन उभा राहणारा. इकडे अमिरातीत वादी म्हणजे डोंगरातून उतरणारी कोरडी नदी. वर्षातले साडेतीनशे दिवस तिच्यात दगडगोटे, काटेरी झुडपं आणि शेळ्या. रस्ता तिच्या पात्रातूनच जातो. पूल नाही, कारण कोरड्या दिवसांत पुलाची गरज कुणालाच पटत नाही. मग थंडी सरता सरता, फेब्रुवारीत, वर डोंगरावर गारा पडतात. क्वचित माथा बर्फाने पांढराही होतो. तो डोंगर सगळा कातळ, पाण्याचा थेंब पीत नाही. खाली माझ्याकडे लख्ख ऊन असतं आणि तासाभरात गढूळ पाण्याचा लोंढा येऊन आदळतो.

अशा जागी उभा राहिलो म्हणून मी संशयी झालो. निळ्या आभाळाचा मला संशय येतो. शेळ्या अचानक चढाला लागल्या की येतो. माझ्या अंगाला रेलून फोटो काढणाऱ्या सहलवाल्यांचा तर फारच येतो.

माझा जन्म १९९३ सालचा, अजमानच्या एका वर्कशॉपमधला. मला रंगवलं भिवाने. तो कुडाळकडचा, राहायचा दुबईतल्या सोनापूरच्या लेबर कॅम्पात. समोर आकड्यांचा कागद ठेवून तो एकेक आकडा माझ्यावर उतरवत होता. मध्येच ब्रश थांबवून म्हणाला, "मेस्त्रीनू, ह्यो त्यांचो पाच बघा! आपलो शून्यच तो!"

खरं होतं ते. अरबी पाच गोल असतो, आपल्या शून्यासारखा.

मेस्त्री म्हणजे फोरमन, पेशावरचा. तो ओरडला, "तू रंग लगा भाई, पढना तेरा काम नहीं. यल्ला, खलास कर!"

भिवा हसला आणि सहाच्या मागे लागला. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण मी नवा होतो, अंगावरचा रंग ओला होता. आकडे अरबी असले तरी कानावर पहिली बोली पडली ती भिवाची, म्हणून तुमच्याशी मराठीत बोलतोय.

रस्ता वादीत जिथे सगळ्यात खोल उतरतो, तिथे कडेला मला काँक्रीटमध्ये रोवलं. एकेका आकड्याला दहा सेंटिमीटर. पाणी पाचावर आलं म्हणजे अर्धा मीटर, म्हणजे वाहत्या पाण्यात पिकअप उचलली जाईल इतकं.

१९९६च्या फेब्रुवारीतला एक शुक्रवार. वर गारा पडणार असं ऐकून सकाळी दोघं जण पिकअपमधून डोंगराकडे गेले. मला ओलांडताना त्यांच्या गप्पा ऐकू आल्या. गाडी चालवणारा सूर्यकांत, सांगलीचा, एका कंत्राटदाराकडे स्टोअरकीपर. शेजारी राजन, त्याच कंपनीच्या लॅबमध्ये काँक्रीटचे ठोकळे फोडून त्यांची ताकद तपासणारा. पुण्याहून येऊन त्याला जेमतेम चार महिने झाले होते. बायको आणि मुलगी मागच्याच महिन्यात आल्या होत्या. राजनच्या मांडीवर पाण्याचा लाल कूलर होता, रिकामा.

"ह्यात बर्फ भरून नेणार तू? दुबईत मनखूलला घरी पोचेपर्यंत सरबत होईल त्याचं!" सूर्यकांत म्हणाला.

"अवनीने गार पाहिलेली नाही रे. चार वर्षांची झाली. एक जरी शाबूत राहिली तरी पुरे."

दुपारी ते परतले तेव्हा वादी वाहत होती. माझ्यावर ऊन होतं. राजन खाली उतरला, कडेला वीस पावलांवर उभा राहिला आणि माझ्याकडे बघू लागला. घाई त्याने केली नाही, हे मी शपथेवर सांगेन. त्याने डोळ्यांवर हात धरून दोनदा बघितलं. पाण्याची रेघ माझ्या गोल आकड्याला टेकली होती. त्याच्या खालचं सगळं बुडालेलं. वरच्या आकड्यांतला एकही त्याच्या ओळखीचा नव्हता.

"शून्यावर आहे!" तो वळून ओरडला. "नुसतं रस्त्याला लागलंय. चल, सावकाश घे."

मी ओरडलो. लोखंड कसं ओरडणार? पाण्याने मी नुसता थरथरत होतो.

पिकअप माझ्याजवळ पोचता पोचता तिची चाकं रस्त्यावरून उचलली गेली. सूर्यकांत दारातून बाहेर फेकला गेला आणि माझ्यावर आदळला. त्याने मला मिठी मारली. पाऊण तास तो मला धरून होता. राजनच्या बाजूचं दार उघडलंच नाही.

आठवड्याने, पाणी केव्हाच ओसरलेलं असताना, एक बाई आली. पांढऱ्या ओढणीची, सरळ पाठीची. राजनची बायको, कावेरी. पोलिसांचा माणूस तिला जागा दाखवायला आला होता. माझ्या अंगावर चिखल थापला गेला होता, आकडा एकही दिसत नव्हता.

"सूर्यकांत म्हणतात, ह्यांनी पाणी शून्यावर आहे असं सांगितलं," ती बरोबरच्या मैत्रिणीला म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "शून्य खांबाच्या तळाशी असतं. गाडी वाहून नेणारं पाणी आणि शून्य? राजन टाकीचं झाकण उघडून बघितल्याशिवाय पंप लावत नसत."

"मग?"

"स्टिअरिंग कुणाच्या हातात होतं? मेलेला माणूस काही खोडून काढायला येत नाही."

त्या दिवसापासून तिचा संशय सूर्यकांतवर. आणि माझा माझ्यावर. मी खोटं दाखवलं नव्हतं, तरी एक माणूस माझ्याकडे बघूनच पाण्यात उतरला होता.

सात वर्षं गेली. फेब्रुवारी २००३. पुन्हा शुक्रवार, पुन्हा डोंगरावर गारा, पुन्हा वादीत लोंढा. दुपारी एक पांढरी मोटार कडेला, पाण्यापासून चांगली लांब थांबली. सूर्यकांत उतरला. केस पिकले होते. मला बघून त्याने नजर वळवली. मागच्या दाराने कावेरी उतरली आणि तिच्यामागून अकरा वर्षांची मुलगी, कानात वॉकमन.

"अवनी, काढ ते कानातलं," कावेरी म्हणाली. "हे जे सांगतील ते तूही ऐकायचंस. उद्या कुणी म्हणायला नको की आई मनाचं बोलते."

"ओके, आई."

कावेरी सूर्यकांतकडे वळली. पूर्वी, राजन असताना, ती त्याला भावजी म्हणत असणार. आता काहीच म्हणत नव्हती. "परवा फोनवर तुम्ही म्हणालात, पाणी असताना येऊन बघा. आले. का बोलावलंत? सात वर्षांनी?"

"दर फेब्रुवारीला फोन करतो, वहिनी. तुम्ही या वर्षी पहिल्यांदा ठेवला नाहीत."

"या वर्षी का ठेवला नाही, ते विचारू नका." तिने अवनीकडे बघितलं. "हिने विचारलं, बाबांना कुणी मारलं का. शाळेत मैत्रिणीलाही तेच सांगत होती. माझंच बोलणं हिच्या कानावर गेलेलं. म्हटलं, एकदा सोक्षमोक्ष लावू. खोटं असेल तर तुमच्या तोंडावर सांगेन, आणि खरं असेल तर..."

खरं असेल तर काय? तिने त्याचा विचारच केला नसावा.

"कुठे उभे होते ते?"

सूर्यकांतने हात केला. "तिथं. त्या सपाट दगडाजवळ. मी गाडीत होतो, इंजिन चालू. त्यानं बघितलं, वळला, आणि..."

"आणि शून्य म्हणाले. ऐकलंय ते."

"खरं सांगू?" सूर्यकांतचा आवाज खाली आला. "मलाच आता खात्री नाही. मी दहा वेळा पोलिसांना तेच सांगितलं. पण कधी वाटतं, इंजिनच्या आवाजात मी चुकीचं ऐकलं. कधी वाटतं, तो नको म्हणाला असेल आणि मीच... मला घरी जायची घाई होती, वहिनी. अजमानला पाहुणे यायचे होते. माझा माझ्यावरच भरवसा राहिला नाही."

कावेरीने त्याच्याकडे रोखून बघितलं. मला वाटतं तिला हेच ऐकायचं होतं. सात वर्षं ती याच कबुलीची वाट बघत होती. ती पुढे झाली, सपाट दगडापाशी उभी राहिली आणि डोळ्यांवर हात धरून तिने माझ्याकडे बघितलं.

पाणी माझ्या गोल आकड्याला टेकलं होतं.

"आता हेच बघा ना," ती म्हणाली. "केवढा लोंढा आहे, आणि पाणी कुठे तर शून्याव..."

सूर्यकांत सांगत होता तोच आकडा तिच्या तोंडून निघाला होता.

"आई," अवनी मागून म्हणाली. "दॅट्स नॉट झीरो. दॅट्स फाइव्ह. खम्सा."

"काय?"

"इट्स अरेबिक, आई! आम्हाला शाळेत पहिलीपासून आहे. तो राउंड म्हणजे फाइव्ह. त्याच्यावर सिक्स, सेव्हन, एट. यू डोन्ट नो दॅट?"

कावेरी पुन्हा बघू लागली. नंतर सूर्यकांतही तिच्याशेजारी येऊन बघू लागला. मला एवढं निरखून आजवर कुणीच बघितलं नव्हतं.

"तुम्ही इतकी वर्षं इथे," कावेरी त्याला म्हणाली. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

"गाड्यांच्या नंबरवर बाजूला इंग्रजी असतं, वहिनी. तेवढंच वाचतो. आणि खांब मी वाचला कुठे? मी फक्त धरला."

तो मटकन खाली बसला. "म्हणजे तो म्हणाला होता. मी ऐकलं ते बरोबर होतं." मोठा माणूस, सगळ्यांदेखत रडू लागला. अवनी घाबरून आईकडे बघत राहिली.

कावेरी रडली नाही. तिच्या चेहऱ्यावर काय चाललं होतं ते मला दिसत होतं. सूर्यकांतवरचा आळ गेला होता, पण तो कुठेतरी जाऊन बसणारच होता. इतकी वर्षं तो दुसऱ्याच्या अंगावर होता म्हणून राजन तिच्याजवळ बिनचूक राहिला होता.

"ह्यांनीच चूक वाचलं," ती अखेर म्हणाली. एवढंच.

"वहिनी, तुम्हीपण तेच वाचलंत."

"हो." ती पुन्हा माझ्याकडे बघून म्हणाली, "हो. मीपण तेच वाचलं."

तिने ओढणी सावरली आणि दगडावर बसली. मग तिने असा प्रश्न विचारला जो सात वर्षांत विचारला नव्हता. उत्तरावर विश्वास नसेल तर माणूस विचारत नाही. "भावजी, वर डोंगरावर काय केलंत त्या दिवशी? सकाळपासून सांगा."

सूर्यकांतने नाक पुसलं. सांगितलं. राजनने गारा कशा वेचल्या, वाटाण्याएवढ्या नको, बोराएवढ्याच पाहिजेत म्हणून कसा अडून बसला. कूलर भरल्यावर स्वतःचा स्वेटर काढून त्याला कसा गुंडाळला. आणि थंडीने कुडकुडत परतीच्या वाटेवर दर पाच मिनिटांनी झाकण उघडून कसा बघत होता.

"झाकण उघडलं की वितळणार नाही का, म्हटलं त्याला. तर म्हणतो, तपासल्याशिवाय कसं कळणार?"

कावेरी एकदम हसली. हसता हसता तिचा हात तोंडावर गेला आणि तो बराच वेळ तिथेच राहिला.

पलीकडे त्यांना जायचंच नव्हतं. तरी ते निघाले नाहीत. पाणी उतरायला लागलं होतं. अवनीला खेळ सापडला. एकेक आकडा उघडा पडला की ती ओरडायची.

"फोर! अरबा. आई, म्हण, अरबा."

"अरबा," कावेरी म्हणाली.

"भावजी काका, तुम्ही पण."

"अरबा."

"थ्री. तलाता."

दोघं शाळेतल्यासारखे तिच्यामागून म्हणत होते. चारचा तीन व्हायला अर्धा तास लागला असेल. दोन, मग एक, ती उभी रेघ. शेवटी ओला रस्ता वर आला आणि पाणी माझ्या पायाशी खुळखुळू लागलं.

"मग शून्य कसा असतो तुमचा?" कावेरीने विचारलं.

"तो बघ. दॅट डॉट. सिफ्र."

माझ्या तळाशी भिवाने रंगवलेला काळा ठिपका होता, वाटाण्याएवढा.

"एवढासाच?" सूर्यकांत म्हणाला. "हा दिसला असता तर..."

"दिसला नसता, भावजी," कावेरी म्हणाली. "तो पाण्याखाली होता."

पुढच्या वर्षी मला उपटलं. माझ्या जागी नवा खांब आला, अरबीच्या शेजारी इंग्रजी आकडे असलेला. रस्त्यांच्या कचेरीत एक इंग्रजी अर्ज आला होता, खाली दोन मराठी माणसांच्या सह्या होत्या, असं उपटणारे आपसांत बोलत होते. त्या अर्जामुळेच हे झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे.

आता एका आवारात जुन्या पाट्यांखाली आडवा पडलोय. गंज गुडघ्यापर्यंत आलाय, आणि गोल आकडा तेवढा अजून स्वच्छ दिसतो. मागणं एकच. थंडी सरताना डोंगराकडे गेलात आणि वाट पाण्याखाली दिसली, तर समोरच्या खांबाने काय सांगितलं यावर जाऊ नका, मग तो माझ्यासारखा खरं बोलणारा का असेना. गाडी बंद करा. मुलांना दगडावर बसवा. पाणी दोन-तीन तासांत उतरतं, तोवर थांबा.