केशवरावांच्या वावरात चालत गेलेली करवंदीची जाळी

मित्रांनो, तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, पण मी एक जुनी करवंदीची जाळी आहे आणि मला चालता येतं.

हसू नका. नत्थुजी आणि केशवराव यांच्या वावरांमधल्या बांधावर, म्हणजे आमच्याकडच्या धुऱ्यावर, मी वाढले. जनावरं आत शिरू नयेत म्हणून दोघांच्या वडिलांनी मिळून मला लावलं. कापूस वेचून पऱ्हाटी उपटली की सारं रान बोडकं होतं, पण भर उन्हाळ्यातही मी हिरवीगार! कशी म्हणाल, तर माझी मुळं थेट पूर्णा नदीला लागली आहेत. एकदा एक रानडुक्कर माझ्यात घुसलं. पलीकडे निघालं तेव्हा अंगावर केस म्हणून उरला नव्हता. लाजेनं बिचारं बडनेऱ्याच्या स्टेशनावर गेलं आणि मिळेल त्या गाडीत बसून निघून गेलं.

नत्थुजींच्या पत्नी गोदाबाई माझ्या कच्च्या करवंदांचं लोणचं घालतात. चीक बोटांना चिकटतो, काटे टोचतात, तरी मला कधी शिवी नाही.

तर चालण्याचं सांगत होते. दरसाल थोडी थोडी मी केशवरावांच्या वावरात सरकत गेले. त्यांचा कडुनिंब आधी माझ्यापासून चांगला लांब होता, आता माझ्या काट्यांत उभा आहे. पाय कुठे आहेत ते मात्र विचारू नका.

आज सकाळी केशवराव जेसीबी घेऊन आले.

"नत्थुजी, माही तुरीची जागा खाल्ली या जाळीनं! आज मुळासकट काढतो."

"मंग मी काय करू भाऊ? जाळीच सरकून राहिली तुमच्याकडं. चालत्या झाडाले कोन अडवते?"

ऐकलंत? माणसानं साक्ष दिली! मी फुलून गेले. इतक्यात जेसीबीचा पंजा माझ्यावर आला. आता पळून दाखव, असं स्वतःला म्हटलं, तर मुळं जागची हलेनात.

गोदाबाई धावत येऊन आडव्या उभ्या राहिल्या. पंजा थांबला.

"खोटं बोलून राहिले हे, भाऊजी! झाड कुठं चालते का? आपल्या अंगानं दरसाल कोयत्यानं साफ छाटतेत, अन् तुमच्या अंगाची फांदी मुद्दाम मातीत टेकू देतेत. टेकली का तिथंच मूळ धरते. जाळीचा काय गुन्हा? तुमीबी तुमच्या अंगानं छाटा, येईन ते परत मधात, धुऱ्यावर!"

नत्थुजी हातातला कोयता पाठीमागे लपवू लागले. केशवरावांनी हात पुढे केला.

"द्या तो कोयता इकडं."