खोडलेली ओळ

सहाव्यांदाही सोमारीबाईने फोन उचलला नाही, तेव्हा दिव्यानीने लॅपटॉप पिशवीत कोंबला आणि गडचिरोलीहून आरमोरीच्या रस्त्याला स्कूटी काढली.

वाघाची खबर देणारं ॲप तिनेच बनवलेलं. पहाटे मोहफुलं वेचायला जाणाऱ्या बाया फोन कमरेला खोचत. वाघ आसपास असला की फोन तीनदा थरथरे. रोज पहाटे पाच वाजताही एकदा थरथरे, पण ती नुसती चालू असल्याची खूण. आज सहाला खबर सुटली आणि सोळा फोनांकडून पोचच आली नाही. सगळे जुने फोन, त्यात सोमारीबाईचा.

चूक दिव्यानीचीच. फोन थरथरवण्याची जुनी रीत आता मोडीत निघाली होती; कोडमध्ये त्या ओळीवर आडवी रेघ दिसायची. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांतली ती नव्हती. परवा तिने ती ओळ उडवून नवी लिहिली. जुन्या फोनांना नवी ओळ कळतच नव्हती, ती आली की ॲप बंद. आपल्या टापटिपीच्या हौसेपायी कोणाचा जीव गेला तर? वाटेत दोनदा थांबून तिने पुन्हा फोन लावून पाहिला.

अंगणात सोमारीबाई डोक्यावरची पाण्याची गुंडी उतरवत होती. भिंतीशी टोपली पालथी पडलेली.

"फोन काऊन नाई उचलला?" दिव्यानी जवळजवळ ओरडलीच.

"बोरिंगवर होती ना बाई. फोन घरी."

"मोहाकडे नाई गेल्या?"

"कोणीच नाई गेलं. दोन दिवस झाले. फुलं हरणं खाऊन राह्यले."

"पण काऊन?"

एवढ्या शिकलेल्या पोरीला हेही सांगावं लागतं, याचं सोमारीबाईला नवल वाटलं.

"रानात माकडं, पाखरं गप झाले का आमी पाय टाकत नाई. तुमचा फोन रोज पाचाले थरथरे, तो बी गप झाला."

दिव्यानी ओट्यावर मटकन बसली. रडू आलं, ते तिने आवरलं नाही. सोमारीबाईने पाण्याचा गिलास पुढे केला.

पाणी पिऊन तिने लॅपटॉप उघडला. फोन नवा असेल तर नवी रीत, जुना असेल तर जुनी, अशी अट घालून तिने उडवलेली ओळ परत लिहिली. तिच्यावर लगेच आडवी रेघ उमटली. दिव्यानीने ती राहू दिली.