वाढत्या अंगाचा स्कर्ट

"पोट सोड," मी म्हणालो.

"सोडलंय की, दाजी."

सोडलं नव्हतं. माझा मेहुणा आरशासमोर श्वास कोंडून उभा होता आणि मी त्याच्या कमरेला टेप लावून वाट बघत होतो. माणूस कोंडून कोंडून किती वेळ कोंडणार? शेवटी सुटलंच. टेप माझ्या बोटांतून तीन इंच पुढे सरकली.

पंचवीस वर्षं मी लोकांचे कपडे अल्टर करतोय. नवं शिवून घेणारं गिऱ्हाईक आता उरलं नाही. सगळे तयार कपडे घेतात आणि अंगाला बसले नाहीत की माझ्याकडे आणून टाकतात. या पंचवीस वर्षांत मापाला खरं उभं राहणारं मोठं माणूस मी पाहिलेलं नाही. पुरुष पोट आत ओढतात, बायका खांदे मागे नेतात, म्हातारे कोंबड्यासारखी मान वर काढतात. पँट स्वतःची, आणि फसवायचं कोणाला, तर त्याच पँटला. चार दिवसांनी परत येऊन म्हणतात, "मास्टर, घट्ट झाली हो." घट्ट काय मी केली?

लहान पोरं तेवढी खरी उभी राहतात. त्यांना मी एवढंच म्हणतो, "ताठ उभं राहा." की झाली सरळ, काठीसारखी.

"मग दाजी, यंदा तरी पोरीला त्या झोपाळ्यांच्या पार्कात नेताय का?" मेहुण्याने पट्टा आवळत विचारलं. "आमचं तिसऱ्यांदा झालं."

"बघू."

"सहा वर्षं बघताय तुम्ही."

हे खरं होतं, म्हणून जास्त लागलं. पोरगी पाच वर्षांची असताना मी कबूल केलं होतं. तिथल्या सगळ्यात मोठ्या झोपाळ्याला एकशे चाळीस सेंटिमीटर उंचीची अट आहे. "तेवढी उंची भरली की जाऊ," असं मी सांगून टाकलं. मला ती अट फार सोयीची वाटली होती. पोरीने मात्र ती मनावर घेतली. दाराच्या चौकटीला लटकायची, नाक न मुरडता दूध प्यायची, दर महिन्याला दुकानात येऊन म्हणायची, "बाबा, माप घ्या." आणि वाढली. अशी वाढली की वर्गात पोरं तिला शिडी म्हणतात.

तिकडे तिकीटही वाढत होतं, दूध न पिता. मी कबूल केलं तेव्हा तिघांना जेवढे पैसे लागायचे, तेवढ्यात आज एक माणूस आत जातो. गाडी लावायचे वेगळे, चपला ठेवायच्या कप्प्याचे वेगळे. रांग टाळायची असेल तर सोनेरी पट्टा घ्या, त्याचे वेगळे. बुधवारी एक भाव, रविवारी दुसरा, शाळेला सुट्टी असली की तिसरा. पोरांना सुट्टी लागलेली यांना बरी कळते! माझ्या दुकानात पाटी आहे, पँट आखूड करण्याचे इतके. ती रविवारीही तेवढीच असते. पण मी पडलो मूर्ख.

"आणि आता तर उंची एकशे चाळीसच्या वर गेली की पूर्ण तिकीट," मी म्हणालो. "पोरगी एकशे त्रेचाळीस आहे."

मेहुणा हसला. त्याच्या हसण्यातच एक तेलकटपणा आहे.

"अहो, लांब स्कर्ट घालायचा. आत गुडघे जरा वाकवायचे. कोण बघतंय? आमच्या थोरल्याला मी दोन वर्षं असाच काढला, ढगळ पँट घालून. आत गेलं की व्हायचं ताठ, बसायचं झोपाळ्यात. सगळे करतात."

"म्हणजे दारात बुटकं आणि झोपाळ्यात उंच."

"हां! आता कसं बोललात! आणि घरात शिंपी असताना तुम्हाला काय अवघड आहे, दाजी?"

त्याला दुकानाबाहेर काढावंसं वाटलं. काढलं नाही. तो गेल्यावर कपाटातलं निळं कापड काढलं आणि किती भरतंय ते बघितलं. मेहुण्याला नावं ठेवायला माझं काय जातंय?

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर पोरीला स्टुलावर उभी केली.

"ताठ नको. गुडघे वाकव. थोडे. अजून थोडे. बस, अशीच राहा."

"का, बाबा?"

मी कारण सांगितलं. तिची आई दारात घड्या घालत उभी होती. ती इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला आहे. दिवसभर चादरींच्या घड्या घालून येते आणि घरी आल्यावर आमच्या घालते.

पोरीने विचारलं, "म्हणजे मी लहान आहे असं सांगायचं?"

"सांगायचं काहीच नाही. नुसतं दिसायचं."

"वा," तिची आई म्हणाली. "तोंडाने बोललं नाही म्हणजे खोटं नाही. बापाकडून शिक हो, नीट शिक."

"तू मध्ये बोलू नकोस. पूर्ण तिकिटाचे पैसे आहेत का आपल्याकडे?"

"नाहीत. म्हणूनच म्हणते, जाऊ नका. तिला मी समजावते."

"सहा वर्षं तेच केलं आपण."

तिने हातातली घडी मोडली आणि पुन्हा घातली. पोरगी स्टुलावर गुडघे वाकवून उभीच होती. पाय थरथरायला लागले होते, पण हलली नाही. मापाच्या वेळी हलायचं नसतं हे तिला माहीत आहे. माझ्या दुकानातच रांगत मोठी झालीय ती.

स्कर्ट झकास झाला. वाकलेल्या उंचीला कापला, म्हणजे खाली लोळणार नाही आणि संशयही येणार नाही. घेर एवढा ठेवला की आत गुडघेच काय, अख्खं खोटं मावेल. तीन संध्याकाळ ती घरात वाकून चालायची तालीम करत होती. एकदा खिडकीतून शेजारची बाई म्हणाली, "अगं, पोरीच्या पायाला काय झालं?" तिची आई म्हणाली, "बापाचा हात लागला." शेजारीण जीभ चावून खिडकीतून गेली.

बुधवारचा भाव कमी, म्हणून शाळा बुडवून बुधवारी गेलो. दारातच पिशवी तपासली. घरून नेलेला पाव, उकडलेली अंडी, केळी, सगळं एका पिंपात टाकायला लावलं. बाहेरचं खाणं चालत नाही. का चालत नाही? आत तेच चौपट भावाने विकायचं असतं म्हणून. त्यावर पाटी मात्र कशी, तर 'आपल्या आरोग्यासाठी'. पिंप काठोकाठ भरलं होतं. लोकांच्या आयांनी पहाटे उठून केलेले डबे त्यात पालथे पडले होते. आणि ते टाकून लोक हसत हसत पुढे जात होते, सेल्फी काढत. एवढं सोसून वर पैसे मोजायचे आणि हसायचं, याला सहल म्हणतात.

तिकिटाच्या खिडकीआधी उंची मोजायची जागा होती. भिंतीवर एक रंगवलेलं अस्वल, त्याच्या पंजाखाली लाल रेघ. शेजारी एक मुलगी पट्टी घेऊन उभी. वीस-एकवीसची असेल. अंगात पार्कचा पिवळा कोट, आणि त्या कोटाचा उजवा खांदा दंडापर्यंत उतरलेला, सेफ्टी पिन लावून धरलेला. लोकांकडून एवढे ओरबाडतात आणि आपल्या माणसांना मापाचा कोट देत नाहीत.

आमचा नंबर आला. पोरगी अस्वलाखाली जाऊन उभी राहिली. गुडघे वाकलेले, स्कर्ट जमिनीला टेकलेला, चेहरा शांत. तालीम वाया गेली नव्हती. मुलीने डोक्यावर पट्टी टेकवली. ती थकली होती, तिचं लक्षही नव्हतं. पट्टी तिरपी होती. एक टोक कानाकडे खाली, दुसरं वर.

मला तिरपं माप बघवत नाही. पंचवीस वर्षांची खोड आहे. माझी नजर त्या पट्टीवर होती, आणि तोंड आपोआप उघडलं.

"ताठ उभी राहा, बाळा."

आणि ती राहिली.

गुडघे सुटले, पाठ सरळ झाली, हनुवटी आत गेली. जन्मापासून शिकवलं होतं तशी. निळा स्कर्ट वर गेला आणि खाली दोन्ही घोटे उघडे पडले. तिच्या डोक्याने पट्टी रेघेच्या वर उचलली. मागच्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. "अरे, शिडी उघडली!" असं एक बाप्या म्हणाला. त्याला पोरीचं शाळेतलं नाव कसं कळलं कुणास ठाऊक. त्याचा स्वतःचा मिशी फुटलेला मुलगा गुडघे वाकवून मागेच उभा होता.

पट्टीवाल्या मुलीने माझ्याकडे बघितलं. मग वरच्या कॅमेऱ्याकडे. मग म्हणाली, "एकशे त्रेचाळीस. पूर्ण तिकीट."

पोरीच्या आईने पर्स उघडली. आतले पैसे काढून तिने माझ्या हातात दिले. दोन मोठी तिकिटं आणि एक लहान, एवढ्यापुरतेच होते. तीन मोठ्यांना पुरत नव्हते.

"तुम्ही दोघी जा," मी म्हणालो.

"अहो, घरी जाऊ सगळे."

"मला ते झोपाळे बघूनच मळमळतं. जा."

पोरगी माझ्याजवळ आली. "बाबा, मुद्दाम बोललात?"

मुद्दाम, असं म्हणालो असतो तर मोठा झालो असतो तिच्या नजरेत. शब्द ओठावर आला होता. पण एका दिवसात किती खोटं शिवायचं?

"नाही गं. सवयीने बोललो."

तिने मान हलवली आणि आईचा हात धरून आत गेली. घोटे दिसत होते, तरी ताठ चालत गेली.

मी बाहेर बाकावर बसलो. भिंतीपलीकडून किंचाळ्या येत होत्या. एवढे पैसे देऊन लोक किंचाळायला येतात. माझ्याकडे आले असते तर मी फुकट किंचाळायला लावलं असतं. दुपारी ती पट्टीवाली मुलगी डबा घेऊन बाहेर आली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. तिच्या डब्यात घरचंच होतं. तिलाही तो आत नेता येत नव्हता.

"काका, तुम्ही शिंपी आहात ना?"

"कशावरून?"

"सकाळी तुम्ही माझ्याकडे नाही, माझ्या खांद्याकडे बघत होतात." मग खाली बघत म्हणाली, "मी सोडणार होते तिला. रोज शंभर पोरं वाकून येतात. मी पट्टी तिरपी धरते आणि सोडते. तुम्ही मोठ्याने बोललात. वर साहेब बघत असतात, ऐकू पण जातं त्यांना. मग नाही सोडता येत."

म्हणजे तिचं लक्ष नव्हतं असं नव्हतंच. ती पट्टी माझ्या पोरीसाठीच तिरपी होती.

शर्टाच्या कॉलरखाली मी सुई टोचून ठेवतो, दोऱ्यासकट. ती काढली. "कोट दे इकडे," म्हणालो. खांदा उसवून वर घेतला, शिवणीचं जादा कापड आत वळवलं, दोन पदरी टाके घातले. तिचं जेवण होईपर्यंत झालं. ती पैसे काढायला लागली तेव्हा मी तिच्याकडे असं बघितलं की तिने हात पुन्हा खिशात घातला. कोट घालून ती उठली, तेव्हा पहिल्यांदा तिचे दोन्ही खांदे एका रेषेत आले.

संध्याकाळी दोघी बाहेर आल्या. पोरीचे केस उडालेले, ओठ सुकलेले.

"मोठा झोपाळा?" मी विचारलं.

"बसले. दोन तास रांग होती. सोनेरी पट्टेवाले मधून घुसत होते. मग तिथेही उंची बघितली. काही करावं लागलं नाही, बाबा. नुसती उभी राहिले."

"कसा होता?"

तिने विचार केला. "लवकर संपला."

तिच्या आईने पर्समधून कागदात गुंडाळलेला अर्धा पाव काढून माझ्या हातात ठेवला. आत विकत घेतलेला होता. केवढ्याला घेतला ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. शिळा होता. सगळा खाल्ला.

चार दिवसांनी मेहुणा पँट न्यायला आला. "काय दाजी, जमलं ना? काढलीत ना पोर?"

"पोट सोडून घालून बघ," मी म्हणालो.

त्या दिवशी सकाळी, तो यायच्या आधी, शटर उघडल्यावर लगेच पोरगी स्कर्ट घालून दुकानात आली होती. शाळेच्या कार्यक्रमाला तोच घालायचा म्हणत होती. "आखूड होतोय, बाबा. सोडता येईल?"

मी खालची दुमड उलटून बघितली आणि मलाच हसू आलं. चार बोटं कापड आत होतं. वाकवून माप घेतलं, खोटं कापलं, तरी हाताने आपला हिशेब केलाच होता. लहान मुलांचं काहीही शिवताना मी खाली चार बोटं जास्त ठेवतो, वाढत्या अंगाचं म्हणून. ते ठेवल्याचं मला आठवतसुद्धा नव्हतं.

दुमड उसवली. घडीची रेघ कापडावर उमटून राहिली होती. इस्त्री फिरवली, पाणी मारून फिरवली, गेली नाही. ती जात नसते.

पोरगी स्टुलावर चढली. मी खाली गुडघ्यांवर बसून कड सारखी करायला लागलो. माझ्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे बोलता येत नव्हतं. मी वर बघितलं. ती आधीच ताठ उभी होती.